पालकगटाच्या बैठकीत एकच जण बोलत राहतो तेव्हा

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांचा एक गट चालवणाऱ्या आईंनी हे पत्र पाठवले आहे. पाच-सहा पालकांनी सुरू केलेल्या या गटात आता वीसेक जण येतात आणि महिन्यातून एकदा दोन तासांची बैठक होते. गटाला अध्यक्ष नाही, लेखी नियम नाहीत. निरोप देणे, जागा पाहणे आणि बैठकीला सुरुवात करून देणे एवढे काम पत्रलेखिका करतात. गटातले एक जुने सदस्य, एका मोठ्या मुलाचे वडील, अनुभवी आणि मदतीला तत्पर आहेत. मात्र गेले वर्षभर बैठकीतला बराचसा वेळ तेच बोलतात. काही महिन्यांपूर्वी, मुलीचे निदान होऊन जेमतेम काही आठवडे झालेल्या एक आई बोलू लागल्या आणि दोन वाक्यांतच त्यांचा आवाज भरून आला. तेव्हा या गृहस्थांनी त्यांना मध्येच तोडले, ‘तुम्ही अजून हे स्वीकारलेलं नाही, हाच तुमचा प्रश्न आहे’ असे सांगितले आणि पुढची वीस मिनिटे स्वतःच्या मुलाची वाटचाल ऐकवली. त्या आई पुन्हा आल्या नाहीत. आणखी एक आई अशाच गळाल्या आहेत. शिवाय एक सदस्य नेहमी उशिरा येऊन ठरून गेलेले विषय पुन्हा काढतात आणि दोघी-तिघी आपसांत कुजबुजत असतात. पत्रलेखिका विचारतात : ‘गट सगळ्यांचा आहे, मग कोणाला थांबवणारी मी कोण? नियम केले तर आपलेपणा जाईल, आणि ज्यांनी आम्हाला इतकी मदत केली त्यांना गटाबाहेर काढणे हा कृतघ्नपणा ठरेल. मी काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

‘मी कोण?’ या तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण पत्रातल्या बाकीच्या अडचणी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. ज्या गटात बोलण्याचा क्रम कोणीही ठरवत नाही, तिथे तो आपोआप ठरतो. ज्याचा आवाज मोठा, ज्याला संकोच कमी, जो सर्वांत जुना, त्याच्या बाजूने तो झुकतो. त्यामुळे तुमच्या गटात कोणी कोणाला थांबवत नाही, हे खरे नाही. त्या आईंना थांबवले गेलेच. थांबवण्याचा अधिकार तुम्ही वापरायला कचरलात, तेव्हा तो दुसऱ्या कोणीतरी, कोणालाही न विचारता वापरला. तुमच्याकडे पद नसेल, पण लोक तुमच्या निरोपावर तिथे येतात आणि पहिले वाक्य तुमच्याकडून ऐकतात. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला बोलायला सुरक्षित जागा मिळेल असे आश्वासन त्या निरोपातच असते. ते पाळणे हा अधिकार गाजवण्याचा प्रकार नाही, आणि ते तुमच्याखेरीज आज दुसरे कोणी पाळणार नाही.

थोडा हिशेब करून पाहा. दोन तास म्हणजे १२० मिनिटे, आणि माणसे वीस. सगळा वेळ समान वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. अर्धा तास बोलणारा माणूस पाच जणांचा वाटा घेतो, म्हणजे स्वतःचा आणि आणखी चौघांचा, आणि ज्यांचा वाटा जातो ते चार जण बहुधा सर्वांत नवे आणि सर्वांत गोंधळलेले असतात. प्रत्येकाने सहाच मिनिटे बोलावे असा याचा अर्थ नाही. एखाद्या महिन्यात एखाद्या पालकाला वीस मिनिटांची गरज असते आणि गटाने ती आनंदाने द्यावी. मात्र ती गटाने द्यावी, कोणी परस्पर घेऊ नये.

यावर तुमच्या मनात एक उत्तर तयार असेल, आणि पत्रातही ते डोकावते, की हे गृहस्थ सर्वांत जाणकार आहेत, तेव्हा ते जास्त बोलले तर शेवटी गटाचाच फायदा होतो. हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. ॲनिटा वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ६९९ व्यक्तींना दोन ते पाच जणांच्या लहान गटांत काम करायला दिले होते. गटाची एकत्रित कामगिरी त्यातल्या सर्वांत हुशार सदस्याच्या बुद्धीवर फारशी अवलंबून नसल्याचे त्यात दिसले. सदस्य एकमेकांच्या भावना किती ओळखतात आणि बोलण्याची संधी किती समप्रमाणात वाटली जाते, यांच्याशी तिचा अधिक संबंध होता. हा अभ्यास पालकगटांवर नव्हता आणि तुमचा गट कोडी सोडवायला जमत नाही, हे मान्य. तरीही तुमच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू होतो असे मला वाटते. माहिती छापील कागदावरून मिळते, तज्ज्ञांकडून मिळते. दुसऱ्या पालकाच्या तोंडून ‘माझ्याही बाबतीत असंच झालं’ हे ऐकायला मात्र माणूस गटातच येतो, आणि ते वाक्य अनेक तोंडांतून यावे लागते.

आता त्या गृहस्थांविषयी. तुम्ही त्यांना ‘स्वभावानेच तसे’ म्हटले आहे. स्वभाव म्हटले की करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून तो शब्द तूर्त बाजूला ठेवू. अशा गटांतले दीर्घकाळ बोलणारे पालक पाहिले, तर त्यांतले अनेक जण कित्येक वर्षे कोणीही ऐकून न घेतलेले असतात. दवाखान्यात पाच मिनिटे, शाळेत दहा मिनिटे, कचेरीत उभ्याउभ्या दोन वाक्ये, आणि घरी ज्यांना सांगायचे ते स्वतःच थकलेले. एवढ्या धडपडीतून मिळवलेले शहाणपण कुठेतरी उपयोगी पडावे, ही त्यांची गरज खरी आहे. कधीकधी त्यामागे भीतीही असते. निदान नुकतेच झालेल्या आईचा भरून आलेला आवाज ऐकला की स्वतःचे जुने दिवस वर येतात, आणि ते सहन होत नाहीत म्हणून माणूस सल्ला देऊन ते दुःख लवकर मिटवू पाहतो. ‘तुम्ही स्वीकारलेलं नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू दुष्ट असेलच असे नाही. ऐकणारीला मात्र ते दार बंद झाल्यासारखे वाटते.

समूह-उपचारांवर आयुष्यभर काम केलेले मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी सगळा वेळ व्यापणाऱ्या सदस्यांविषयी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे असा सदस्य पोकळीत तयार होत नाही, गट त्याला तशी मुभा देत असतो. कारण तो बोलत आहे तोवर इतरांना स्वतःविषयी काही उघड करावे लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की त्याच्याकडून कमी ऐकायचे आहे असे न मानता, त्याचे खरे म्हणणे अधिक ऐकायचे आहे असे मानावे, कारण शब्दांच्या त्या भिंतीआड तो स्वतः झाकलेलाच राहतो. तुमचा गट उपचाराचा नाही आणि तुम्ही उपचारक नाही, त्यामुळे कोणाच्या मनाचे विश्लेषण करू नका. स्वतःला एवढेच विचारा : या वर्षभरात त्यांनी आपल्या मुलाविषयी पुष्कळ सांगितले, पण ते स्वतः सध्या कसे आहेत, हे गटातल्या कोणाला ठाऊक आहे का? आणि ते बोलत असताना गप्प बसणाऱ्यांमध्ये नाराज किती आणि सुटका झाल्यासारखे वाटणारे किती?

नियमांनी आपलेपणा जातो, हे तुमचे तिसरे गृहीतक. अमेरिकी लष्करातले अभियंते हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्यावर १८६३ साली एका चर्चमधल्या सभेचे अध्यक्षपद अचानक येऊन पडले. सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्यानंतर त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि १८७६ साली सभेच्या नियमांची जी पुस्तिका काढली ती आजही जगभर वापरली जाते. त्यातला एक साधा नियम असा आहे की ज्यांना बोलायचे आहे आणि जे अजून बोललेले नाहीत, अशांना संधी मिळेपर्यंत त्याच विषयावर कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. या नियमाने सर्वांत जास्त संरक्षण कोणाला मिळते ते पाहा. धीट माणसाला त्याची गरज नसते. जी बाई तीन बैठका मागच्या रांगेत बसून आज पहिल्यांदा हात वर करते, तिच्यासाठी तो असतो. ज्याला तुम्ही आपलेपणा म्हणता तो आज चार-पाच जुन्या सदस्यांपुरता आहे. नव्या माणसाला तिथे काय चालते आणि काय चालत नाही हे कळायला काहीच आधार नाही.

रॉबर्ट यांची सगळी पुस्तिका गटात आणू नका, तुम्हाला ती पेलणारही नाही. चार-पाच वाक्ये पुरे आहेत. एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलू नये. सर्वांना एकदा संधी मिळाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. प्रत्येकाने आपल्या अनुभवाविषयी बोलावे, आणि समोरच्याने मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये. इथे ऐकलेली कोणत्याही मुलाची वा कुटुंबाची ओळख पटेल अशी गोष्ट बाहेर जाऊ नये. या शेवटच्या वाक्याची मांडणी करताना लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने १९२७ साली घालून दिलेला प्रघात उपयोगी पडतो. तिथे चर्चेत मिळालेली माहिती बाहेर वापरायला मोकळीक असते, पण ती कोणी सांगितली हे उघड करायचे नसते. पालकगटाला हे नेमके मानवते, कारण शिकलेले घरी नेण्यासाठीच तर लोक येतात. नावे आणि खुणा तेवढ्या तिथेच राहाव्यात.

हे नियम तुम्ही घरी बसून लिहून आणू नका. तसे केले तर ते एका माणसाविरुद्ध केलेले वाटतील, आणि त्या गृहस्थांना तसे वाटले तर त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. बैठकीतला अर्धा तास यासाठी राखून ठेवा. प्रत्येकाला एक कागद द्या आणि दोनच प्रश्न विचारा : ‘इथे मोकळेपणाने बोलता यावे यासाठी मला काय हवे?’ आणि ‘इथे काय घडले की मी गप्प होतो?’ पाच मिनिटे सर्वांनी शांतपणे लिहावे, मग एकेकाने एकेक मुद्दा वाचावा, त्यावर चर्चा न करता तो फळ्यावर उतरवावा, आणि सगळे मुद्दे समोर आल्यावरच बोलायला सुरुवात करावी. आधी लिहायचे, मग पाळीपाळीने सांगायचे, ही पद्धत आंद्रे डेल्बेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७० च्या दशकात रीतसर मांडली. तिचा मोठा गुण हा की पहिला बोलणारा सर्वांच्या विचारांना आपल्या दिशेला वळवू शकत नाही. तुमच्या गटात ‘मध्येच तोडू नये’ हे वाक्य तुम्ही न सुचवताही चार-पाच कागदांवर निघेल, अशी माझी खात्री आहे. मग ते सर्वांचे असते, आणि पुढे कोणाला थांबवताना तुम्ही स्वतःच्या मताचा आधार घेत नसता. ठरलेली वाक्ये प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, दर वेळी वेगळ्या सदस्याने, मोठ्याने वाचावीत. या वाचनाला अर्धा मिनिट लागतो, आणि उशिरा आलेल्यांना ती दिसावीत म्हणून भिंतीवर लावावीत.

यापेक्षाही महत्त्वाचा एक बदल आहे आणि तो तुमच्या पत्रात कुठे आलेला नाही. तुमच्या बैठकीत दोन वेगळी कामे एकाच वेळी चालतात. एका क्षणी कोणी आपल्या मुलाच्या झोपेविषयी रडकुंडीला येऊन बोलत असते, दुसऱ्या क्षणी पुढच्या कार्यक्रमाची जागा ठरत असते, आणि तिसऱ्या क्षणी मागच्या खर्चावरून वाद चाललेला असतो. मनातले बोलताना वाद नको, निर्णय नको, घाईही नको. कामकाजात मात्र प्रश्न विचारायचे, मते मोजायची आणि शेवटी काहीतरी ठरवायचे असते. या दोन्हींची सरमिसळ झाली की दुःख सांगणाऱ्याला उलटतपासणी झाल्यासारखे वाटते आणि काम करणाऱ्याला वेळ वाया गेल्यासारखे. बैठकीचे दोन भाग करा. पहिली ८० मिनिटे अनुभव-कथनाची, मग १० मिनिटांची मध्यंतर आणि शेवटची ३० मिनिटे कामकाजाची. ज्यांना कामकाजात रस नाही त्यांना मध्यंतरात निघून जाण्याची मोकळीक असू द्या.

कामकाजाच्या अर्ध्या तासाला लेखी विषयपत्रिका हवी, आणि ती दोन दिवस आधी सर्वांकडे पोचायला हवी. प्रत्येक विषयापुढे किती मिनिटे हे लिहा, आणि जो विषय खरोखर मोठा आहे तो सर्वांत आधी ठेवा. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली समित्यांविषयी एक निरीक्षण मांडले होते, की अणुभट्टीसारख्या अवाढव्य खर्चाचा विषय काही मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास चर्चा होते, कारण शेडविषयी प्रत्येकाला मत असते. तुमच्या त्या उशिरा येणाऱ्या सदस्यांचा उपायही इथेच आहे. जे ठरले ते त्याच वेळी एका वहीत लिहायचे : काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या बैठकीत विषय पुन्हा निघाला की वही उघडून ती नोंद वाचायची. रॉबर्ट यांच्या नियमांप्रमाणे, झालेल्या निर्णयाचा फेरविचार सुचवण्याचा हक्क निर्णयाच्या बाजूने मत दिलेल्यालाच असतो. तुम्ही थोडे सैल करून असे ठरवू शकता की नवी माहिती आली असेल, किंवा होकार दिलेल्यांपैकी कोणाला पुन्हा विचार करावासा वाटत असेल, तरच जुना विषय पुढच्या विषयपत्रिकेवर घेतला जाईल. उशिरा येणाऱ्याला खडसावण्याची गरज नाही. त्याच्यासाठी बैठक पहिल्यापासून सुरू करायची नाही, एवढे पाळा. कुजबुजणाऱ्यांसाठीही वेगळी उपाययोजना नको. खुर्च्या रांगांऐवजी गोलाकार मांडल्या आणि बोलण्याची पाळी क्रमाने फिरू लागली, की बहुतेक कुजबुज थांबते, कारण ती बहुधा कंटाळ्यातून आलेली असते. तेवढ्याने भागले नाही तर त्यांच्याकडे पाहून थांबायचे आणि ‘हे सगळ्यांनी ऐकण्यासारखे आहे का?’ असे खरोखरच्या कुतूहलाने विचारायचे, टोमणा म्हणून नव्हे.

आता प्रत्यक्ष बैठकीतला तो अवघड क्षण. ते गृहस्थ बोलत आहेत, त्यांचा वेळ संपला आहे आणि सगळे जमिनीकडे पाहत आहेत. त्यांना थांबवताना घसा खाकरणे, घड्याळाकडे पाहणे, ‘आपल्याला वेळ कमी आहे बरं का’ असे हवेत म्हणणे, हे सगळे निरुपयोगी आहे, कारण ज्याला सूचना कळायची नाही त्याला ती कळत नाही आणि ज्याला आधीच संकोच आहे तो मात्र अधिक आक्रसतो. त्यांचे नाव घ्या. वाक्याच्या मध्ये नको, ते श्वास घेतील त्या ठिकाणी. नाव घेतल्यावर माणूस क्षणभर थांबतोच. मग शांत आवाजात, लहान वाक्यांत म्हणा : ‘तुम्हाला इथे थांबवते. तुमचा मुद्दा मी असा लिहून घेतला आहे,’ आणि तो एका वाक्यात वाचून दाखवा. ‘आता जे अजून बोललेले नाहीत त्यांचे ऐकू.’ एवढे बोलून त्यांच्याकडे पाहत राहू नका. मान वळवून पुढच्या व्यक्तीकडे पाहा आणि तिचे नाव घ्या. मुद्दा वाचून दाखवणे कधीच गाळू नका, कारण पुष्कळ माणसे आपले म्हणणे पोचले नाही या शंकेमुळेच तेच तेच बोलत राहतात. क्षमा मागू नका आणि कारणे देत बसू नका. बसताना त्यांच्या समोर न बसता शेजारी बसा. समोरासमोर बसले की बोलणारा सूत्रसंचालकाच्या डोळ्यांत पाहून बोलत राहतो. शेजारी बसले की तो धागा आपोआप तुटतो आणि थांबवणेही सौम्यपणे जमते. वेळ पाहण्याचे काम तुमच्याकडे ठेवू नका. दर बैठकीला वेगळ्या सदस्याकडे घड्याळ द्या, आणि त्याने प्रत्येकाला, म्हणजे अगदी तुम्हालाही, एक मिनिट उरले की हात वर करून दाखवावे.

न बोलणाऱ्यांना बोलते करण्यासाठी तुम्हाला शांतता सहन करायला शिकावे लागेल. मेरी बड रो यांनी वर्गांतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना आढळले होते. ते थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. मोठ्या माणसांच्या बैठकीतही ही पोकळी जो भरतो तो नेहमीचाच असतो. तेव्हा प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. त्या वेळात सवयीने कोणी सुरुवात केली, तर ‘क्षणभर सर्वांना विचार करू देऊ’ असे म्हणा. आणि ज्याला आज बोलायचे नाही त्याने पाळी आल्यावर ‘पुढे’ म्हणावे, त्याला कोणी कारण विचारू नये. गप्प राहण्याची अशी सोय असली की माणसे पुढच्या वेळी बोलतात.

कोणी रडू लागले तर काय करायचे हेही आधीच ठरलेले असावे, कारण त्या वेळी सर्वांचीच तारांबळ उडते. सल्ला थांबवायचा. ‘आत्ता कोणी उत्तर देऊ नका, आपण फक्त ऐकू’ हे वाक्य तुम्ही त्याच क्षणी, दुसरे कोणी तोंड उघडण्याआधी म्हणा. मग त्या व्यक्तीलाच विचारा, थोडे थांबायचे आहे, पुढे बोलायचे आहे की पाळी पुढे द्यायची आहे. त्या आईंच्या वेळी हे एक वाक्य बोलले गेले असते तर कदाचित त्या आजही गटात असत्या. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. कोणी शिकवल्याशिवाय हे सुचत नाही आणि तुम्हाला कोणी शिकवलेले नव्हते.

एवढे सगळे केले तरी त्या गृहस्थांशी एकांतात बोलावे लागेल. नियमांची चर्चा गटात होण्याआधीच ते बोला, म्हणजे चारचौघांत त्यांना एकटे पडल्यासारखे वाटणार नाही. संदेश पाठवून हे काम करू नका आणि बैठक संपल्यावर निघताना घाईत उरकूही नका. वेगळी वेळ ठरवून भेटा. ‘सगळ्यांना असं वाटतं’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. त्याने माणसाला आपल्या पाठीमागे बैठक झाली असे वाटते, आणि मग तो नावे शोधू लागतो. तुम्ही पाहिलेला एकच प्रसंग सांगा. म्हणा : ‘त्या दिवशी त्या बोलत असताना तुम्ही त्यांना थांबवून सल्ला दिलात, आणि पुढे वीस मिनिटे आपण सगळे तुमचेच ऐकत होतो. त्या परत आल्या नाहीत. तुमचा हेतू मदतीचा होता हे मला ठाऊक आहे. तरी यापुढे मी बोलण्याची वेळ पाळणार आहे, आणि गरज पडली तर तुम्हाला थांबवणार आहे. मी थांबवले तर तुम्ही थांबावे, एवढी माझी विनंती आहे.’ मग खरोखर थांबा आणि त्यांचे ऐका. ते दुखावतील, कदाचित आपण केलेल्या मदतीची आठवण करून देतील. ती मदत मनापासून मान्य करा, पण विनंती मागे घेऊ नका. ‘तुम्ही स्वतः सध्या कसे आहात?’ हेही विचारा. कदाचित वर्षभरात हे त्यांना कोणी विचारलेले नसेल.

अशा माणसाला एखादी जबाबदारी द्यावी, असा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो अर्धाच बरोबर आहे. अर्ज कसे भरायचे, कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या कचेरीत काय विचारायचे, यांची टिपणे त्यांनी तयार केली तर गटाला खरा उपयोग होईल आणि त्यांच्या अनुभवाला जागा मिळेल. मात्र निदान नुकतेच झालेल्या पालकांचे स्वागत करण्याचे काम त्यांच्याकडे इतक्यात देऊ नका. ते काम ऐकणाऱ्याचे आहे.

आणि त्यांना गटाबाहेर काढावे का? जास्त बोलणे एवढ्याच कारणावरून, वर सांगितलेले सारे करून पाहण्याआधी, काढू नये. पण काही गोष्टी वेगळ्या आहेत. कोणी दुसऱ्याच्या मुलाची माहिती बाहेर सांगितली, कोणाला वारंवार अपमानित केले, मूल पूर्ण बरे करण्याची हमी देणारे उपचार वा वस्तू पालकांच्या गळ्यात मारू लागले किंवा धमकावले, तर अशा वेळी वाट पाहण्यात शहाणपण नाही; त्या व्यक्तीचे येणे लगेच थांबवावे. वेळ व्यापण्याच्या बाबतीत मी तीन बैठकांची मुदत देईन. दर बैठकीनंतर त्यांच्याशी दोन मिनिटे बोला, सुधारणा दिसली तर तीही स्पष्ट शब्दांत सांगा. तीन बैठकांनंतरही ते थांबवल्यावर थांबत नसतील, तर काही महिने त्यांनी बैठकीला येऊ नये असे सांगणे योग्य ठरेल. हा निर्णय तुम्ही एकटीने घेऊ नका. दोन सदस्यांना आतापासूनच बरोबर घ्या, निर्णय तिघांनी मिळून करा, त्यांना तो प्रत्यक्ष भेटून सांगा, आणि गटाला कारणांची चर्चा न करता दोन वाक्यांत कळवा. यात कृतघ्नपणा नाही. त्यांनी केलेल्या मदतीची परतफेड तुम्ही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलासाठी वेळ देऊन, त्यांच्या अडचणीत उभे राहून करू शकता. नव्या पालकांच्या वाट्याचा वेळ देऊन ती करता येणार नाही, कारण तो वेळ तुमचा नाही.

तुमच्या पत्राविषयी एक गोष्ट नोंदवते. चार पानांच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या मुलाविषयी एक ओळही नाही. तुम्हीही पालक म्हणूनच या गटात आला होतात. बरोबर घेतलेल्या त्या दोघांकडे एकाआड एक बैठकीचे सूत्रसंचालन सोपवा आणि त्या दिवशी तुमची पाळी घ्या. इतरांनी तुमचे काम केल्याशिवाय त्यांना त्यातली कसरत कळत नाही, आणि तुमच्याशिवाय बैठक होऊ शकते हे गटाला कळणेही गरजेचे आहे.

या सगळ्याच्या आधी, शक्यतो याच आठवड्यात, गळालेल्या त्या दोन आईंना फोन करा. परत येण्याचा आग्रह धरू नका आणि त्या गृहस्थांच्या वतीने सारवासारवही करू नका. त्या दिवशी जे झाले ते बरोबर नव्हते आणि मी ते थांबवायला हवे होते, एवढे सांगा. मग त्यांना काय वाटले ते विचारा आणि त्या बोलतील तोवर ऐका. बैठकीची रीत बदलत आहे हेही कळवा. त्यांना एवढ्यात यायचे नसेल, तर ज्यांची मुले त्यांच्या मुलांच्या वयाची आहेत अशा गटातल्या एखाद्या पालकाशी, दोघांच्या संमतीने, त्यांची गाठ घालून द्या.